टिंबाची कळ आणि तिसरी बाही

मित्रांनो, मी एक जुना कीबोर्ड आहे. किती जुना, ते माझ्या कळांकडे पाहून तुम्हीच ओळखा. 'ए'चे अक्षर अर्धे पुसले आहे, 'एन'चा एक पाय गेला आहे आणि खालच्या ओळीत उजवीकडे जी टिंबाची कळ आहे, तिच्यावर तर आता काहीच दिसत नाही. उंबऱ्याचा दगड पावलांनी गुळगुळीत होतो ना, तशी ती झाली आहे. माझी गोष्ट बरीचशी त्या एका कळेची आहे.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. प्रत्येक कळेखाली एक स्प्रिंग आणि पत्र्याची एक बारीक पट्टी बसवली गेली. कळ दाबली की पट्टी टेकते आणि मी संगणकाला कळवतो, अमुक कळ खाली गेली. बोट उचलले की कळवतो, वर आली. माझे काम एवढेच. लोकांना वाटते की मी लिहितो. खरे तर मला अक्षरओळखही नाही. मी नुसता निरोप्या आहे. पण वर्षानुवर्षे बोटांखाली राहिले की बोटांची भाषा समजू लागते. घाईची बोटे, रुसलेली बोटे, मनात दुसरेच काही असलेली बोटे, सगळी वेगळी लागतात. आणि टेबलावरच मुक्काम असल्यामुळे माणसांचे बोलणेही कानावर पडतेच.

माझी पहिली नोकरी एका कचेरीत होती. तिथल्या कारकूनबाई मला रोज सकाळी फडक्याने पुसत आणि पाहुण्यांना सांगत की याच्यासारखा दणकट कीबोर्ड आता मिळत नाही. मग एक दिवस कचेरीत चपटे, आवाज न करणारे नवे कीबोर्ड आले. मला वायरींच्या गुंत्यात एका खोक्यात टाकले गेले. खोक्यात काळ कसा जातो, हे मला सांगता येणार नाही. तिथे कळ दाबली जात नाही, आणि मला मोजायला दुसरे काही येत नाही.

त्या खोक्यातून मला बाहेर काढले एका मुलीने. ती विज्ञान शिकत होती आणि मोडक्या वस्तू उघडून पाहायची तिला खोड होती. तिने माझी एकेक कळ उपटून काढली, साबणाच्या पाण्यात धुतली, जुन्या टूथब्रशने माझ्या पोटातला कचरा झाडला आणि मला तिच्या मावशीकडे नेऊन दिले. तेव्हापासून मी मावशींचा.

मावशी विणकामाचे नमुने लिहीत. नमुना म्हणजे स्वेटर कसा विणायचा याची लेखी कृती: किती टाके घालायचे, कुठे सुलट विणायचे, कुठे उलट, गळ्यासाठी टाके कुठून कमी करत न्यायचे, बाही कुठे जोडायची. बाजारातले एक लोकरवाले लोकरीच्या पुड्याबरोबर हा कागद देत. कुठल्या कुठल्या घरांतल्या बायका, आजोबा, शाळकरी पोरी तो कागद समोर ठेवून विणत. मावशींचा कागद असेल तर स्वेटर चुकत नाही, असे लोकरवाले गिऱ्हाइकांना छातीठोकपणे सांगायचे. मावशी एक ओळ सुयांवर विणायच्या आणि तीच ओळ माझ्यावर टाइप करायच्या. दोन्ही हात सुयांवरून माझ्यावर आणि माझ्यावरून सुयांवर येत-जात राहायचे. माझ्या फटींत नेहमी लोकरीचे केस अडकलेले असत, आणि मला त्याचा जरा अभिमानच होता.

भाचीने मावशींच्या संगणकावर एक वेगळाच एडिटर, म्हणजे लिहिण्याचा प्रोग्राम, घालून दिला होता. त्यात माऊसला काही कामच नव्हते. लिहिणे, पुसणे, इकडून तिकडे जाणे, सगळे कळांवर; लिहीत नसताना अक्षरांच्या त्याच कळा हुकूम होतात. मावशी सुरुवातीला वैतागल्या. एक ओळ खाली जायला 'जे' दाबा आणि वर जायला 'के', हे कुठल्या शहाण्याने ठरवले, असे त्यांनी विचारले. पण सुया सोडून माऊस धरायला नको, हे त्यांना आवडले. कामापुरत्या कळा त्यांनी शिकून घेतल्या आणि बाकीच्यांकडे ढुंकून पाहिले नाही. टिंबाची कळ तेव्हा फक्त वाक्य संपवायला होती.

मग एका सकाळी चहाचा कप मावशींच्या डाव्या हातातून निसटला. कप फुटल्याचा आवाज मी ऐकला, मग काकांची हाक, मग जिन्यावर पुष्कळ पावले. काका म्हणजे मावशींचे यजमान. ते लिफ्ट दुरुस्त करायचे आणि नुकतेच निवृत्त झाले होते. त्या दिवशी कुणीतरी माझ्यावर टॉवेल टाकला, तो कित्येक दिवस तसाच राहिला.

मावशी घरी आल्या तेव्हा त्यांचे बोलणे स्वच्छ होते, डोके लख्ख होते, पण डावा हात मांडीवर ठेवला की तिथेच राहायचा. तो नेहमी गार असायचा. व्यायाम करून घ्यायला एक ताई येऊ लागल्या. त्या म्हणायच्या की या हाताला विसरायचं नाही, त्याला रोज कामाला बोलवायचं. पण सुया एका हाताने धरता येत नाहीत. मावशींनी सुयांची पिशवी कपाटाच्या वरच्या कप्प्यात ठेवायला सांगितली.

काकांनी ती पिशवी तिथून खाली काढली. म्हणाले, तू सांग, मी विणतो. लिफ्टच्या तारा ओढून राठ झालेल्या बोटांत त्यांनी सुया धरल्या. मावशी तोंडाने सांगायच्या आणि काका विणायचे. पहिला चौकोन काकांनी इतका घट्ट विणला की मावशी म्हणाल्या, याला धरून लिफ्ट लटकेल. काका मात्र चिकाटीचे. आयुष्यभर ते नकाशात असेल तसेच काम करत आले होते. कागदावर लिहिले असेल तसेच विणायचे, आपली अक्कल मध्ये घालायची नाही, हा त्यांचा बाणा होता.

माझ्या बाबतीत काय झाले, ते सांगतो. माझी डावी बाजू गप्प झाली. उजव्या हाताला तिकडे जायला लांब पडायचे, म्हणून मावशी शक्य तितके टाळायच्या. 'एस', 'डी', 'सी', 'एक्स' यांच्यावर धूळ बसू लागली. एकाच देहात अर्धी बाजू जागी आणि अर्धी झोपलेली, हे कसे असते ते तेव्हा मला समजले. मावशींना ते माझ्याही आधी समजले होते.

अशात लोकरवाले भेटायला आले. त्यांनी तब्येतीची चौकशी केली, लाडूसारखा गोल लोकरीचा गुंडा हातात फिरवत राहिले, आणि मग मुद्द्यावर आले. त्यांच्याकडे नवी, बारीक लोकर आली होती. बारीक लोकरीला टाके जास्त लागतात, म्हणून सगळे जुने नमुने थंडीच्या आधी बदलायला हवे होते. पण मावशींना त्रास द्यावा की नाही, अशी त्यांना शंका होती. दुसरे कुणी पाहतो, असे ते म्हणाले. मावशींनी एकच मागितले: एक नमुना द्या. त्यावरून विणलेला स्वेटर बरोबर आला तर सगळे काम माझे, नाही आला तर मी आपणहून थांबते. लोकरवाले बरं म्हणाले, पण त्यांचे ते 'बरं' मावशींना आवडले नाही. ते गेल्यावर उजवा हात बराच वेळ माझ्यावर नुसता पडून होता. एकही कळ दाबली गेली नाही.

नमुना लहान मुलाच्या स्वेटरचा होता. अंगावरच्या पट्ट्यांत 'दोन सुलट, दोन उलट' असे होते तिथे आता तीन तीन हवे होते. काठ मात्र दोन-दोनचाच राहायला हवा होता, नाहीतर सैल पडला असता. एका हाताने प्रत्येक शब्द पुसून नवा लिहायचा म्हणजे माझ्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पुन्हा पुन्हा येरझारा. मावशी थोडे करायच्या आणि दमायच्या.

भाचीला ते बघवेना. ती म्हणाली, एवढं कशाला, एका ओळीत होईल. तिने एक आज्ञा टाइप केली, की जिथे जिथे 'दोन' असेल तिथे तिथे 'तीन' कर, आणि एंटर दाबला. एका क्षणात सगळा नमुना बदलला. कमी कळा म्हणजे कमी झीज, म्हणून मलाही बरे वाटले. तेवढ्यात व्यायामाच्या ताई आल्या, मावशी आत गेल्या, आणि भाचीने कागद छापून थेट काकांच्या हातात दिला.

काका विणू लागले. माझ्यासमोरच्या खुर्चीत बसून विणायचे. सुरुवातीला ते ओळी मोठ्याने वाचत. शेवटाकडे मात्र एकदम गप्प झाले. कागदाकडे पाहायचे, मावशींकडे पाहायचे, आणि पुन्हा विणू लागायचे. मावशींनी काय झाले म्हणून विचारले तर म्हणायचे, काही नाही, मोजतोय.

मग एका दुपारी त्यांनी सगळे तुकडे माझ्या शेजारी टेबलावर मांडले. भाचीही आली होती. पुढची बाजू, मागची बाजू, तीन बटणे. एक बाही. दुसरी बाही. आणि मग, किंचित थांबून, तिसरी बाही.



"अहो," मावशी म्हणाल्या, "ही तिसरी कुणाला?"

काकांनी कागद पुढे केला. मावशींनी त्यावरची ओळ वाचली: तीन बाह्या विणून घ्या.

"आणि तुम्ही विणलीत? मुकाट्यानं?"

काकांनी सुया गोळा केल्या, पुन्हा ठेवल्या, पुन्हा गोळा केल्या. मावशींच्या लक्षात आले. मला वाटते, सगळ्यांच्या आधी त्यांच्याच लक्षात आले.

"तुम्हाला वाटलं, हाताबरोबर माझं डोकंही गेलं."

"बाही विणणं सोपं होतं गं," काका म्हणाले. "विचारणं अवघड होतं."

भाचीचा चेहरा उतरला. तिने भराभरा सांगून टाकले की ही आज्ञा तिची, चूक तिची, तिने बाह्यांमधला 'दोन' बघितलाच नव्हता. बटणे दोनाची तीन झाली होती तीही त्यामुळेच, आणि काठ सैल आला होता तोही. काका तिच्याकडे पाहत राहिले. इतके दिवस छातीवर ठेवलेले ओझे कुणीतरी उचलावे तसा त्यांचा श्वास सुटला. आणि मग ते हसू लागले. मावशीही हसल्या. हसता हसता त्यांनी उजव्या हाताने डोळे पुसले.

पण हसणे थांबल्यावर त्या रागावल्या. आरडाओरडा नाही; मावशींचा राग हळू आवाजात असायचा. त्या म्हणाल्या की ही एका फटक्यात बदलते, हे गुपचूप विणतात, ते लोकरवाले दुसरे कुणी पाहतो म्हणतात. जो तो माझा त्रास वाचवायला निघाला आहे. मला त्रास वाचवायचा नाही, मला काम करायचे आहे.

"प्रत्येक 'दोन'पाशी मी थांबणार," त्यांनी भाचीला सांगितले. "बदलायचं की नाही ते मी ठरवणार. तू फक्त माझा हात कमी दमेल असं काहीतरी दे."

भाची विचारात पडली. तिची बोटे माझ्या उजव्या कडेवर, काही न दाबता, नुसती फिरत होती. 'एन'वर आली, टिंबावर आली, 'यू'वर आली आणि तिथेच थांबली. मग ती खुर्ची ओढून मावशींच्या जवळ बसली.

मित्रांनो, ती युक्ती तुम्हालाही सांगतो. त्या एडिटरमध्ये आधी 'दोन' हा शब्द शोधायचा. पहिल्या जागी तो एकदा नीट पुसून 'तीन' लिहायचा. या पहिल्या वेळेला कष्ट पडतात, कारण बदल सुरू करणारी 'सी' आणि बदल संपवणारी कळ, दोन्ही माझ्या डाव्या बाजूला आहेत. पण एडिटर तो शेवटचा बदल लक्षात ठेवतो. त्यानंतर 'एन' दाबले की पुढचा 'दोन' समोर येतो. पाहायचे. बदलायचा असेल तर टिंबाची कळ दाबायची: मघाचा सगळा बदल, पुसणे आणि लिहिणे धरून, तिथे पुन्हा होतो. बदलायचा नसेल तर टिंब नाही, नुसते पुन्हा 'एन'. हात चुकलाच तर 'यू'.

"'यू' म्हणजे काय?" मावशींनी विचारले.

"उसवणं," भाची म्हणाली.

एवढे सांगितल्यावर मावशींना बाकी समजवावे लागले नाही. त्यांच्या नमुन्यांत नेहमीच 'फुलीपासून पुन्हा' असे लिहिलेले असते, म्हणजे आधी विणलेला तुकडा परत विणायचा. हे तर तेच की, असे त्या म्हणाल्या. भाचीने एक सावधगिरी सांगितली: मध्येच दुसरे काही दुरुस्त केले तर टिंब ते लक्षात ठेवेल, आधीचे विसरेल. त्यावर मावशी म्हणाल्या, मग मध्ये लुडबुड करायची नाही, विणतानाही करत नाहीत.

आणि मजा पाहा. 'एन', टिंब, 'यू', सगळ्या कळा माझ्या उजव्या बाजूला. जणू एका हाताच्या माणसासाठीच कुणी मांडून ठेवल्या होत्या. जुना नमुना पुन्हा उघडला गेला. 'एन', जरा थांबून टिंब. 'एन', जरा थांबून टिंब. मधली ती थांबण्याची जागा मला फार आवडायची. तिथे मावशी असायच्या. काठापाशी आल्या की नुसते 'एन'. बटणांपाशी नुसते 'एन'. बाह्यांपाशी त्या थांबल्या, त्यांनी काकांकडे पाहिले, आणि मुद्दाम जोराने 'एन' दाबले.

काकांनी काठ उसवून पुन्हा विणले. या वेळी ते प्रत्येक ओळीला प्रश्न विचारू लागले. इथे तीन का, तिथे दोन का, ही गाठ अशीच ना. मावशी कधी कधी कावायच्या. म्हणायच्या, पूर्वी बरे होते, गप्प तरी बसायचात. पण उत्तर द्यायच्या.

लोकरवाले आले तेव्हा त्यांनी स्वेटर उजेडात धरला, काठ ताणून सोडला, पट्ट्या बोटाने चाचपल्या. काठ झटकन जागेवर आला. मग त्यांची नजर मावशींच्या डाव्या हाताकडे गेली. तिसरी बाही त्या हातात होती. सैल काठामुळे ती मनगटावरून अलगद वर चढली होती, आणि तो गार हात तिच्यात ऊबदार राहायचा.

"ही कुठली?" त्यांनी विचारले.

"जास्तीची आहे," मावशी म्हणाल्या. "आमच्याकडे विचारायला उशीर केला की एक बाही वाढते."

लोकरवाले जरा गोंधळले आणि त्यांनी काकांकडे पाहिले. काका विणकामात तोंड खुपसून हसत होते. जाताना लोकरवाल्यांनी पिशवीतून बाकीच्या नमुन्यांचा गठ्ठा काढला आणि माझ्या शेजारी ठेवला. तो त्यांनी बरोबरच आणला होता; कुणाकडे ठेवायचा, हे तेवढे ठरले नव्हते.

त्याला आता पुष्कळ दिवस झाले. मध्यंतरी भाचीने पहिल्या पगारातून एक सुंदर चपटा कीबोर्ड आणला होता. मावशींनी तो कौतुकाने पाहिला, दोन दिवस वापरला आणि तिलाच परत दिला. कळ खाली गेली की नाही ते बोटाला समजत नाही, म्हणाल्या. माझ्या स्प्रिंगा कुरकुरतात, पण कळ गेली की गेली असे स्पष्ट सांगतात. हे सांगणे कुणासाठी महत्त्वाचे आहे, ते आता ऐका.

नवा नमुना बदलायला घेतला की मावशी आधी उजव्या हाताने डावा हात उचलतात आणि माझ्या डाव्या बाजूवर आणून ठेवतात. काका विणायचे थांबतात. बाहीतून बाहेर आलेले एक बोट 'सी'वर असते. बराच वेळ काहीच होत नाही. कधी शेजारची 'एक्स' दाबली जाते आणि एक अक्षर उडते. मग 'यू', आणि पुन्हा पहिल्यापासून. कधी अख्खा तळवा कोसळतो आणि पडद्यावर गोंधळ उडतो. आणि कधी माझी ती स्प्रिंग हळूहळू दबत जाते, पट्टी टेकते, आणि मी संगणकाला कळवतो, 'सी' खाली गेली. पुढचे सगळे उजवा हात करतो. नवा शब्द लिहायला तो सवयीने पळत सुटतो.

'सी'वर आता धूळ नाही.

मित्रांनो, तुम्हाला मागायचे ते थोडेच आहे. माझ्यासारख्याजवळ बसून खाऊ नका. फटीत गेलेला कण कळेला अडवतो, आणि कुठली कळ कुणाला किती कष्टाने दाबायची आहे ते तुम्हाला माहीत नसते. एखादे काम पुन्हा पुन्हा करायचे असेल तर पहिल्यांदा ते सावकाश आणि मनापासून करा, कारण पुढे तेच जसेच्या तसे उमटत जाणार आहे. आणि पुन्हा करताना दर वेळी क्षणभर थांबून पाहा. समोर बाही असू शकते. शंका आली तर विचारा. विचारलेले लागते कधी कधी, पण न विचारलेले जास्त लागते.

आता मावशींचे बोट टिंबावर आले आहे. मला निरोप द्यायला हवा. 'एन', आणि टिंब. 'एन', आणि टिंब. पानभर जिथे जिथे शब्द बदलतो, तिथे तिथे डाव्या हाताने एकदाच, फार वेळ लावून दाबलेली ती कळ पुन्हा दाबली जाते. संगणकाला त्यातले काही माहीत नाही. मला माहीत आहे.